सोललेलं सॉफ्टवेअर

‘सापडत नाही’ हे उत्तर मी माझ्या घरात कधी चालवून घेतलं नाही. मुलं लहान असताना कोणी फडताळासमोर उभं राहून ‘आई, डबा सापडत नाही’ म्हणालं, की मी विचारायची, कुठे कुठे बघितलंस ते आधी सांग. मागे हात घातलास? खालच्या फळीवर वाकून बघितलंस? नुसतं दारात उभं राहायचं आणि सापडत नाही म्हणायचं, याला शोधणं म्हणत नाहीत. ती मुलं मोठी झाली, आपापल्या गावी गेली, आणि त्यांच्यातल्या एकाने आपला जुना कॉम्प्युटर मला पाठवून दिला. तो अगदी तसाच दारात उभा राहून बोलतो. वर इंग्रजीत बोलतो.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा गावात नव्हती आणि बाहेरगावी शिकायला पाठवायला मी काही मुलगा नव्हते. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. आम्ही घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, कोण कधी येणार, कोण मासे खातं, कोण नुसतंच फोटो काढतं, ते लिहून ठेवायला म्हणून तो आला. मी बटणं दाबत गेले आणि येत गेलं. हे दाबलं तर काय होईल, अशी भीती फार शिकलेल्यांना असते. मला नव्हती. हळूहळू पाखाडीतल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, बायका लाइटबिलापासून लग्नाच्या बायोडाटापर्यंत सगळं घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. बायोडाटा करायला आलेल्या मुलीला मी चहा देते आणि उंची खरी लिहायची की आईने सांगितलेली, यावर वाद घालते.

तशीच आमच्या नारळाच्या वाडीला लागून जिचं घर आहे, ती शेजारीण आली. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. वादळात तिची पोफळीची बाग सगळी आडवी झाली. पोफळ पुन्हा लावून तिला फळ धरायला किती वर्षं थांबायचं, ते पोफळ लावणाऱ्यालाच विचारा. उभा राहिला तो विहिरीजवळचा एक बरका फणस. तर त्या फणसाच्या जोरावर तिने फणसपोळ्या घालायला घेतल्या. रस काढायचा, ताटांना पसरायचा, उन्हात वाळवायचा, कावळ्यांवर ओरडायचं. दादरच्या एका दुकानदाराने गेल्या वर्षी थोड्या ठेवून बघितल्या, त्या खपल्या. यंदा तो म्हणाला, जास्त पाठवा, पण पाकिटावर छापील लेबल हवं. काय घातलंय, कधी केलंय, वजन किती, सगळं. आणि शनिवारच्या टेम्पोने माल आला नाही तर फळीवरची ती जागा रत्नागिरीच्या मालाला देणार. असंच तोंडावर सांगितलं त्याने. त्या फळीवरच्या हातभर जागेवर हिचं सगळं वर्ष बसलेलं होतं.

लेबलं छापायचं यंत्र तिच्या भावाने आणून दिलेलं. पनवेलला तो ज्या दुकानात होता ते दुकान बंद पडलं, तेव्हा मालकाने त्याला दिलं. पोह्याच्या डब्याएवढं यंत्र, आणि त्याबरोबर एक सीडी. त्या सीडीतलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये बसवलं की यंत्र चालणार. माझ्या कॉम्प्युटरला सीडीचा कप्पाच नाही. आता कप्पे देत नाहीत म्हणे. मागची दारं आधी बंद करायची आणि मग लोकांना मागच्या दाराने यायला सांगायचं, अशी यांची रीत.

बाजाराच्या गावी, बोर्लीला, फोटो स्टुडिओवाला आहे, त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे. तो सीडीतलं पेनड्राइव्हवर काढून देतो. माझे धाकटे दीर बुधवारी बाजाराला निघालेच होते. वाडीचं सगळं तेच बघतात. सीडी त्यांच्याकडे दिली. दुपारी परत आले ते एका हातात पेनड्राइव्ह आणि दुसऱ्या हातात बांगडे.

“घ्या वहिनी. एकदम चोख काम करून आणलंय.”

मी शेजारणीला हाक मारली. ती हात पुसत आली, बाजूला स्टुलावर बसली. पेनड्राइव्ह लावला, सेटअपवर दाबलं. हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली. ती सरकताना बघून आपल्यालाच काहीतरी केल्यासारखं वाटतं. थोडी सरकली, थांबली, आणि मध्येच एक चौकट आली. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. अमुक अमुक फाइल सापडत नाही, म्हणून कार्यक्रम चालू होऊ शकत नाही. कार्यक्रम पुन्हा बसवून बघावा.

“काकी, ह्ये काय म्हनतंय?”

“म्हणतंय, जे बसत नाहीये ते पुन्हा बसवा, म्हणजे बसेल.”

“आनि बसवायलाच तर बसलोय आपन.”

बघा. हे तिला स्टुलावर बसून कळलं. आणि ती चौकट लिहिणाऱ्याला त्याबद्दल पगार मिळतो. चौकटीखाली बटण एकच, ‘ओके’. नाही म्हणायची सोयच नाही. घरात येऊन सांगायचं की तुमचं काम होत नाही, आणि आपण म्हणायचं, बरं.

मग मी भाच्याला फोन लावला. माझ्या बहिणीचा मुलगा ऐरोलीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिथे सगळे दिवसभर खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी दमतात.

“मावशी, रीस्टार्ट केलंस का?”

“केलं.”

“पुन्हा कर.”

“का रे? पहिल्यांदा केलं ते त्याला आवडलं नाही?”

“तसं नसतं ग. बरं, राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव.”

तेही केलं. माझ्याच घरात माझ्याच टेबलावर मी कोण आहे ते त्याला सांगायचं, मग तो जरा सरळ बसणार. सांगितलं. चौकट आली ती तीच.

“मग अँटीव्हायरसने खाल्ली असेल,” भाचा म्हणाला. “त्याला संशय आला की तो फाइल उचलून बाजूला ठेवतो.”

आता हे मला पटण्यासारखं होतं. संशयाने वस्तू उचलून ठेवणारी माणसं मी पाहिलेली आहेत. म्हणून त्याने बाजूला काय काय ठेवलंय ते उघडून बघितलं. काही नाही. त्याने जन्मात कशावर संशय घेतलेला नव्हता. नुसता राखणदार म्हणून बसलेला.

भाच्याला मीटिंग होती. तो गेला आणि मी इंटरनेटवर त्या फाइलचं नाव लिहिलं. अहो, केवढी गर्दी! जगात सगळ्यांची तीच फाइल हरवलेली. ती शोधून देतो म्हणणारेही तितकेच. एका पानावर ‘इथे डाउनलोड करा’ अशी चार-पाच हिरवी बटणं, त्यातलं खरं कुठलं ते देवाला ठाऊक. दुसरीकडे म्हणे, आमचं हे दुसरं सॉफ्टवेअर बसवा, ते तुमची फाइल शोधेल. एक बसत नाही म्हणून दुसरं बसवायचं! घरात उंदीर झाला तर दुसरा आणून सोडावा, त्यातली अक्कल. मग एक व्हिडिओ लावला. त्यातला मुलगा आधी नमस्कार दोस्तों म्हणाला, मग चॅनेल सबस्क्राइब करायला सांगितलं, मग स्वतःच्या आधीच्या व्हिडिओबद्दल बोलला, मग माझा प्रश्न मलाच वाचून दाखवला. शेवटी म्हणाला, रीस्टार्ट करा.

शेजारीण तोवर घरी जाऊन नव्या ताटांतल्या पोळ्या उलटून आली होती. शनिवारच्या पोळ्या तयार होत्या, कापून झाल्या होत्या, पाकिटांत भरूनही झाल्या. नुसती लेबलं राहिलेली.

“हातानं लिवलं तर न्हाय चालनार काय, काकी?”

“तू विचारलंस ना त्याला?”

“इचारलं. म्हनला छापील म्हंजे छापील.”

यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्या कंपनीचा नंबर खाली चिकटवलेला होता. तिथे फोन केला. हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. मराठीसाठी दाबायला काही नव्हतं. मग सनई. लग्नातसुद्धा इतका वेळ वाजत नाही. शेवटी एक बाई आली, आवाज इतका गोड की मला आधी खरीच वाटली नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मॅडम, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, आपण नवीन घ्या.

मी म्हटलं, “यंत्र चांगलं आहे हो. तुमचं सॉफ्टवेअर बसत नाहीये.”

“जी मॅडम. नवीन घ्या.”

आमच्या विहिरीचा रहाट माझ्या सासऱ्यांच्या वेळचा. अजून फिरतो. त्याला कोणी सपोर्टमधून काढलेला नाही.

गुरुवारी भाच्याला माझी दया आली. त्याने त्याच्या कॉम्प्युटरमधून ती एक फाइल काढून मेलवर पाठवली आणि कुठे ठेवायची ते सांगितलं. ठेवली. शेजारणीने डोळे मिटून हात जोडले. हिरवी पट्टी सरकली, आधीपेक्षा थोडी पुढे गेली, आणि चौकट! आता दुसरीच फाइल सापडत नाही. ती मागवली, तर तिसरी. काही पाहुणे असतात ना, मीठ वाढलं की लोणचं, लोणचं वाढलं की पापड, आणि ताटावरून उठायचं नाव नाही. भाचा म्हणाला, ही तिसरी माझ्याकडे नाही मावशी, ही त्या यंत्राचीच दिसतेय. मग गप्प बसला. तो गप्प बसला की मला बरं वाटतं, कारण तेवढ्या वेळात तो विचार करत असतो.

“मावशी, उद्या व्हिडिओ कॉल करतो. मला तुझा पेनड्राइव्ह उघडून दाखव.”

शुक्रवारी दुपारी शेजारणीला स्टुलावर बसवून मी फोन पडद्यासमोर धरला. पेनड्राइव्ह उघडला. त्यात आमच्या दिरांचे गणपतीतल्या नाचाचे व्हिडिओ, ओळीने. कुठल्या साली कुठे नाचले, सगळं. आणि त्या सगळ्या नाचात एकटं उभं असलेलं सेटअप.

“बाकीच्या फाइली कुठेत?” भाच्याने विचारलं.

“कुठल्या बाकीच्या?”

“अगं, सेटअप एकटं नसतं. त्याच्याबरोबर ढीगभर फाइली असतात. ते त्यांनाच शोधतंय.”

एवढं बोलणं होतंय तोवर दीर मागच्या दाराने पाणी प्यायला आले. मी विचारलं, “भाऊजी, स्टुडिओवाल्याने सीडीतलं किती काढून दिलं?”

“तो सगळंच देत होता,” दीर म्हणाले. “मीच नको म्हटलं.”

“का?”

“अहो, नुसता कचरा भरलेला! बारीक बारीक, नाव ना गाव, आकडे आणि टिंबं. पेनड्राइव्हमध्ये जागा कुठे होती तेवढी? मी त्याला म्हटलं, यातला गर कुठला तेवढा दे. सोडणं कशाला वाहून न्यायची?”

आता इथे सांगायला हवं. आमच्या वाडीतला नारळ असोला, म्हणजे सालीसकट, गावाबाहेर जात नाही. दाराशी पहार रोवलेली, तिच्यावर सोलायचा, सोडण म्हणजे वरची जाड साल, ती न्हाणीच्या चुलीला, आणि नारळ तेवढा पोत्यात. सुपारीचंही तेच. एस्टीवर नाहीतर टेम्पोवर जागा अडवायची ती मालाने, सालीने नाही. दिरांचा जन्म यात गेला. सोलल्याशिवाय वस्तू उचलायची म्हणजे त्यांना लाज वाटते. त्या माणसाने सॉफ्टवेअरही सोलून आणलं. तीन दिवस मी, ऐरोलीची कंपनी आणि ती गोड आवाजाची बाई मिळून ज्या फाइली शोधत होतो, त्या यांनी बोर्लीलाच टाकून दिल्या होत्या. आणि वर चोख काम!

फोनमधून भाचा इतका हसत होता की मला त्याचे नुसते दात दिसत होते.

“हसू नको. सीडी आणा भाऊजी. सीडी कुठाय?”

दीर पाण्याचा तांब्या खाली ठेवायला जरा जास्तच वेळ घेऊ लागले.

“चिकूला,” ते म्हणाले.

“चिकूला म्हणजे?”

“टांगलीय. माकडांसाठी. फार चकाकते हो. सकाळचं ऊन पडलं की बिचकतात.”

“आणि बिचकली का?”

“एक बसलेलं काल तिच्यात तोंड बघत.”

मला बोलायचं होतं, पण शेजारीण कधीच उठलेली. आंबे उतरवायचा झेला माझ्या पडवीतून घेऊन ती वाडीत पळाली. मी पोचेपर्यंत चिकूची फांदी वाकवून तिने सीडी खाली घेतली होती. मधल्या भोकातून सुंभ ओवलेलं. एका बाजूला पाखराने आपली सही केलेली. तिने ती सीडी छातीशी धरली आणि पहिल्यांदाच दिरांवर आवाज चढवला.

“भावोजी, तुमच्या चिकवापायी माझं दुकान गेलं असतं!”

“मला काय ठाऊक? माझ्या मते काम झालं होतं.”

“तुमच्या मते इंग्रजीलापन सोडनं असत्यात!”

दिरांनी जाऊन स्कूटर काढली. त्यांची माफी मागायची हीच पद्धत आहे, तोंडाने मागताना त्यांना कोणी ऐकलेलं नाही.

सीडी मी साबणाच्या पाण्याने धुतली, जुन्या सुती लुगड्याने पुसली, आणि दिरांच्या मागे स्कूटरवर मीच बसले. त्यांच्या हाती आता मी त्यांचं स्वतःचं ताट पाठवणार नव्हते. बोर्लीला स्टुडिओवाला दिव्याखाली कुणाचातरी पासपोर्टचा फोटो गोरा करत बसला होता. त्याने सीडी हातात घेतली, उजेडात फिरवली.

“काकू, उन्हात वाळवलीत काय पापडासारखी?”

“यांना विचारा.”

दीर बाहेरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लागले.

सीडी आत गेली. घरघर आवाज झाला, थांबला. सीडी बाहेर आली. ‘वाचता येत नाही,’ म्हणे यंत्र. हेही शिकलेलंच! मी पदराने पुन्हा पुसली, मधून कडेला, मधून कडेला. स्टुडिओवाला म्हणाला, गोल पुसा. मी म्हटलं, तुम्ही फोटो गोरे करा. तिसऱ्या खेपेला घरघर लांबली आणि पडद्यावर फाइलींची रांग आली. खरंच ढीगभर होत्या. आकडे आणि टिंबं.

“सगळं टाकू?” स्टुडिओवाल्याने विचारलं. “ही तर नुसती वाचायची सूचना आहे. कोणी वाचत नाही.”

“सगळं. केरासकट.”

“मग हे नाच काढावे लागतील. जागा नाही.”

दीर पाटी वाचायचं सोडून आत आले. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “तुमच्या मशीनमध्ये ठेवून घ्या,” म्हणाले, “पुसू नका.” आणि कडेला जाऊन उभे राहिले, कोणाला दवाखान्यात ठेवून निघाल्यासारखे. एका फाइलवर पट्टी अडली, मग सुटली.

घरी आले तर शेजारीण पायरीवर बसलेली. पेनड्राइव्ह लावला. पट्टी सरकली, जिथे अडायची तिथून पुढे गेली, आणि पुन्हा चौकट! माझं डोकंच फिरलं. वाचते तर काय, ‘ही फाइल आधीपासूनच आहे, बदलू का?’ भाच्याने पाठवलेली ती. इतके दिवस नाही म्हणून रडत होता, आता आहे म्हणून रडतोय. यांना सुख म्हणून नाही. मी ‘हो’ वर दाबलं. पट्टी भरली, आणि लेबलावरचा मजकूर मी बटणं दाबून लिहिला. यंत्राने कर्रकर्र करत एक लेबल बाहेर काढलं, पांढरंस्वच्छ. त्यावर फणसपोळी, फणसाचा रस, साखर, वजन, तारीख. शेजारणीने ते दोन्ही हातांनी उचलून वाचलं. मग पदराला हात पुसले आणि पुन्हा वाचलं.

शनिवारी सकाळी दोघी माझ्या पडवीत बसून लेबलं लावत होतो. दीर न सांगता येऊन पाकिटं खोक्यात भरू लागले, म्हणजे अजून लाजलेले होते. टेम्पो रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला. खोकी चढली. टेम्पोवाला गाडी सुरू करणार, एवढ्यात ती ओरडली, “थांब रं!” आणि वरच्या खोक्यातून एक पाकीट काढलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“वाकडं लागलंय, काकी.”

“एका पाकिटाने काय होतंय, ताई?” टेम्पोवाला म्हणाला. “जाऊ दे की.”

“न्हाय. जाईल ते सरळ जाईल.”

टेम्पो गेला. ते वाकडं पाकीट तिने तिथेच फोडलं, आम्ही तिघांनी रस्त्यावर उभ्याने खाल्लं. ती चघळत चघळत म्हणाली, “साखर कमी पडलीय काय वो?” मी म्हटलं, गप खा.

रविवारी दुपारी मी तिच्या पायरीवर बसलेली असताना तिला दादरहून फोन आला. दुकानदार कमी बोलणारा. “माल आला. फळीवर लावला. अजून आहे का?” एवढं म्हणून त्याने ठेवला. तिने फोन कमरेला खोचला आणि वर आभाळाकडे बघितलं.

“अजून ऊन हाय, काकी. तवर आनखी ताटं घालून घेते.”

मी उठले आणि तिच्या विहिरीवर ताटं धुवायला बसले.